कुडाशी थांबलेले मासे

मुलांनो, डोंगराच्या पोटात एक घळ होती, इतकी अरुंद की सूर्य भरदुपारी थोडा वेळ डोकावे आणि पुढे जाई. त्या घळीत नदीने एक खोल डोह केला होता आणि त्या डोहाला एक राखणदार होता. राखणदार म्हणजे वाघ-सिंह नव्हे हं. ते होते एक पाणमांजर. डोंगरातली माणसे त्याला ऊद म्हणतात, रानातली जनावरे मात्र मानाने उदाजी म्हणत. अंगाने लांबोडका, मिशा ताठ, आणि तोरा एवढा की बिबट्यानेही जरा सरकून वाट द्यावी.

तोरा का नसावा? त्याच्या डोहात सोनखवले राहत होते.

सोनखवला हा काय मासा होता ते सांगतो. लांबीला वाढत्या करडाएवढा. एकेक खवला पिंपळाच्या पानाएवढा, कडेला काळसर आणि मध्ये सोनेरी. एरवी हे मासे तळाच्या सावलीत असत. पण दुपारी ऊन डोहावर उतरले की तेही वर येत आणि सगळे मिळून सावकाश एक फेरी घेत. तेवढ्यात पाण्यातला उजेड कातळांवर चढे आणि साऱ्या घळीच्या भिंती पिवळ्याधमक होत. पाणी प्यायला आलेले जनावर जिथल्या तिथे थांबे. एकदा बिबट्या आला होता. तोही आ वासून बघत राहिला आणि पाणी न पिताच निघून गेला. असे काही पाहिले की आपण कोण, कुठून आलो, कशाला आलो, सगळे विसरायला होते. उदाजी रोज पाही आणि रोज विसरे.

एके काळी सगळ्या नदीत सोनखवले होते. मग काय झाले? भूक लागली म्हणून खाल्ले, आणि भूक नव्हती तरी समोर आले म्हणून खाल्ले. यात सगळ्यांचाच हात होता, पण खरे सांगायचे तर सर्वांत पुढे उदांचीच जमात होती. पाहता पाहता खालचे डोह रिकामे झाले, मधले झाले, आणि मासे उरले ते फक्त या घळीत. तेव्हा उदाजीचा आजोबा शहाणा झाला. उशिरा झाला, पण झाला. त्याने सगळ्या जनावरांना बोलावून नेम घालून दिला. "या डोहात कुणी तोंड घालायचं नाही. पोटासाठी खेकडे आहेत, ओढ्यातले बारके मासे आहेत. सोनखवले सगळ्यांचे, म्हणून कुणा एकाचे नाहीत." बगळ्यांनी मान्य केले, बिबट्याने मान्य केले. मासे न खाणाऱ्या वानरांनी तर सर्वांत आधी मान्य केले.

मरताना आजोबाने उदाजीला जवळ बोलावले. "पोरा, तुझ्या राखणीत यांतला एक जरी कमी झाला, तर मला तोंड दाखवू नकोस." उदाजीने मान हलवली, आणि त्या दिवसापासून तो कधी गाढ झोपला नाही.

आता राखणीची रीत ऐका. डोहाच्या वरच्या अंगाला, जिथे नदी दोन कातळांमधून आत येते, तिथे एक कूड घातलेला होता, म्हणजे काट्याफांद्यांची भिंत. पावसाळा तोंडावर आला की सगळे मिळून त्याची डागडुजी करत. वानरे फांद्या आणत, रानडुकरे धोंडे ढकलत, उदाजी पाण्यात उतरून वेलींनी सगळे आवळून बांधी. कारण पावसाळ्यात सोनखवल्यांना काय होई कोण जाणे, ते प्रवाहाविरुद्ध वर जाऊ बघत. आजोबाच्या डोळ्यांदेखत काही गेले होते आणि परत आलेच नव्हते. वाटेत टपून बसलेल्यांनी त्यांचा फडशा पाडला होता. म्हणून कूड. पाणी त्यातून गाळून आत येई, मासा बाहेर जाऊ शकत नसे. खालच्या बाजूला धोंड्यांची इतकी दाटी होती की तिकडची काळजीच नव्हती.

मग थंडी पडून पाणी काचेसारखे नितळ झाले की मोजणी होई. मोजणीचा मान बगळ्याचा. तो एका पायावर उभा राही, मान किंचित वाकडी करी आणि सोनखवल्यांची फेरी सुरू झाली की पापणीही न हलवता मोजू लागे. काठावर सारे रान श्वास रोखून बसे. शेवटी बगळा मान वर करून ओरडे, "तेवढेच!"

तेवढेच, म्हणजे गेल्या साली होते तेवढेच. एकही कमी नाही. मग काय विचारता! वानरे झाडे गदागदा हलवत, रानडुकरांची पिल्ले चिखलात लोळत, आणि उदाजी पोहत पोहत डोहाला प्रदक्षिणा घाली. वर्षामागून वर्षे बगळा "तेवढेच" म्हणत राहिला आणि वर्षामागून वर्षे उदाजीची मान जरा जरा उंच होत गेली.

आणखी एक गोष्ट होती, ती उदाजी कोणाला सांगत नसे. श्रावणात नदी फुगली की सगळे सोनखवले कुडापाशी जमत. तोंडे कुडाकडे करून, शेपट्या हळूहळू हलवत दिवसच्या दिवस तिथे उभे राहत. आणि कुडावर कोण बसलेले असे? उदाजी. हे आपल्याला मुजरा करायला येतात, असे त्याच्या मनाने घेतले होते. तो मिशा साफ करून, छाती काढून बसे आणि हळूच म्हणे, "असू द्या, असू द्या. माझं कामच आहे ते." हसू नका मुलांनो. इतके देखणे मासे टक लावून समोर उभे राहिले असते, तर तुम्हालाही तसेच वाटले असते.

अशाच एका श्रावणात, पाऊस जरा उघडला असताना, उदाजी कुडावर आला आणि जागीच थबकला. सर्वांत मोठा सोनखवला पाण्यावर आडवा तरंगत होता.

उदाजीने उडी मारली. माशाला काठाशी आणले, उलटा केला, सुलटा केला. दाताची खूण नाही, चोचीची नाही, नखाची नाही. "कुणी केलं हे?" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की घळीने ते दोनदा परत ऐकवले. झाडावरून वानरांचा म्होरक्या हुप्प्या खाली आला. खालच्या धोंड्यांवरून बगळा आला. उदाजीने त्याच्या चोचीकडे जरा जास्तच वेळ पाहिले.

"माझ्याकडं काय बघतोस?" बगळा फणकारला. "मी मोजतो. मी खात नाही."

तेवढ्यात वरच्या वाटेने रानडुकरीण पाणी प्यायला आली. तिच्या मागे पिल्लांची रांग होती, अंगावर पट्टे असलेली, एकमेकांच्या शेपट्यांना नाक लावून चाललेली. ती बाई तोंडाची मोठी फटकळ. तिने माशाला हुंगले आणि सरळ सांगून टाकले.

"कुणी मारला न्हाई वो त्याला. म्हातारा झाला हुता, मेला. कवा ना कवा मरायचाच की."

"मरायचा म्हणजे?" उदाजी म्हणाला. जसे काही हे त्याला कोणी आधी सांगितलेच नव्हते.

"मंजी मरायचा. तुमी मरनार, मी मरनार, त्यो मेला. त्यात काय येवढं? त्याची पोरंबाळं सांभाळा आता." एवढे बोलून तिने पाण्याला तोंड लावले, मग एकदम थांबली आणि डोहात निरखून बघू लागली. "पर उदाजी, पोरंबाळं कुठं हायेत ह्यांची?"

सगळे डोहात डोकावू लागले. पिल्ले मात्र आईच्या पायांत धडपडत होती, एक पाण्यात पडले, दोन त्याच्यावर पडली.

"माज्या मागं ह्ये एवढं लेंढार हाय," रानडुकरीण म्हणाली. "गेल्या साली दुसरं हुतं. ह्या माशांमागं तर मला कवाच काय दिसलं न्हाई."

उदाजी तडक पाण्यात शिरला.

डोहात शिरल्यावर मोजायची त्याला सवय होती. एक, दोन, तीन, सगळे आहेत, झाले. त्या दिवशी त्याने मोजले नाही. पाहिले. एक सोनखवला त्याच्या अगदी नाकासमोरून गेला. केवढा थोरला जीव! बाजूचे खवले एकामागून एक सरकत गेले तरी मासा संपेना. पण त्या खवल्यांच्या कडा झिजल्या होत्या. डोळ्यावर सायीसारखा पडदा होता. तोंडाच्या मिशा पांढुरक्या पडल्या होत्या. दुसरा पाहिला, तोही तसाच. तिसरा तसाच. उदाजी कातळाच्या फटीफटींत शिरला, मुळ्यांच्या जाळ्यात शिरला, जिथे एखादे बोटभर पिल्लू लपू शकेल अशी प्रत्येक जागा त्याने नाकाने ढवळली. एकही लहान मासा नव्हता. आपण एका म्हाताऱ्यांच्या गावाची राखण करतो आहोत हे त्याला कळले, आणि त्या थंड पाण्यातही त्याच्या अंगावर काटा आला.

मग तो कुडाकडे गेला. नेहमीप्रमाणे सगळे तिथे जमले होते. आज तो वर बसलेला नव्हता, त्यांच्यामध्ये होता, त्यांच्याच उंचीवर. तिथून त्याला दिसले की कुडाच्या आतल्या फांद्या गुळगुळीत झाल्या आहेत. वर्षानुवर्षे नाकाडे घासून घासून काटे मोडले होते, साल निघाली होती. एक मादी आली. तिचे पोट अंड्यांनी टम्म फुगले होते. तिने कुडाला नाक लावून ढकलले, थांबली, पुन्हा ढकलले. तिच्या ओठावर जुनी जखम होती.

मुजरा कसला! ते दार ठोठावत होते. इतकी वर्षे ठोठावत होते, आणि दारावर बसून तो म्हणत होता, असू द्या, असू द्या.

उदाजी वर आला तो रडतच आला. पाण्यातून आलेल्याचे रडणे कळत नाही म्हणतात, पण रानडुकरिणीला कळले.

"कूड काढायचा," उदाजी म्हणाला.

एकच गलका झाला. हुप्प्याने फांदीवर दाणकन पाय आपटला. "हूप! वेड लागलंय का? आमच्या आज्यांनी वाहून आणलेल्या फांद्या आहेत त्या. आणि गेले वर, नाही आले परत, तर? उरलेसुरलेही जातील."

"माझी मोजणी आजवर एकदाही चुकलेली नाही," बगळा म्हणाला. तो दुखावला होता. "दरवर्षी तेवढेच भरले."

"बरोबरच होती तुझी मोजणी," उदाजी म्हणाला. "दरवर्षी तेवढेच. एक कमी नाही, म्हणून आपण नाचलो. एक जास्त का नाही, हे कुणी विचारलं? मी नाही विचारलं. मीही नाचलो." मग तो रानडुकरिणीकडे वळला. "मावशी, वर जाऊन हे करतात तरी काय?"

रानडुकरिणीने आठवायला डोळे मिटले. "माजी आजी सांगायची. वर, आमच्या अंगाला, नदी पसरट हुती बगा, त्यो उथळा. गुडघाभर पानी, खाली हरभऱ्यावानी बारीक गोटं. चढनीचं मासं तिथवर यायचं म्हनं. समदं पानी पिवळं दिसायचं. गोट्यांत अंडी घालायचं आन् मागारी जायचं." ती बोलत होती आणि बोलता बोलता तिचा आवाज बारीक होत गेला. कारण तिला काहीतरी सुचले होते. "आन् आता त्या उथळ्यात आमी लोळतो. सगळं गोटं उकरून ठेवल्यात आमी. आली का पंचाईत माज्यावरच!"

श्रावण-भाद्रपदात रानडुकरांना लोळायला त्या उथळ्याइतकी चांगली जागा साऱ्या डोंगरात नव्हती. कातडीला चिकटलेले किडे तिथेच निघत, पिल्ले तिथेच वाढत. ती जागा मागणे म्हणजे साधी गोष्ट नव्हती. आपण मागायचे कोणत्या तोंडाने, हे उदाजीला समजेना. मग त्याला एक सुचले. डोहाच्या कडेला वाळू-मातीचा एक मऊ काठ होता. तिथे उदाजीचे बीळ होते, तिथेच त्याचे ऊन खाणे, तिथेच अंग सुकवणे. आजोबाही तिथेच लोळला होता.

"माझा काठ घ्या," तो म्हणाला. "पावसाळाभर तुमची पिल्लं तिथं लोळू देत. मी कातळावर राहीन."

रानडुकरिणीने कातळाकडे पाहिले. "कातळावर पाठ दुखंल तुमची."

"दुखू दे."

"मग ठरलं," ती म्हणाली, आणि लगेच पिल्लांवर खेकसली, "उथळ्यात पाय टाकला तर तंगडं मोडीन एकेकाचं!"

एकाने सोडले म्हटल्यावर दुसऱ्यालाही धीर होतो. हुप्प्या म्हणाला की वानरे उथळ्याच्या दोन्ही काठांवर झाडांत बसतील आणि बिबट्या दिसला की बोंब ठोकतील. सर्वांत शेवटी बगळा घसा खाकरून म्हणाला, "माझ्या भाऊबंदांना सांगतो मी. उथळ पाण्यात एवढे मासे, म्हणजे आमची परीक्षाच आहे. पण सांगतो."

कूड काढायला सगळे लागले, तेव्हा त्यांना कळले की तो किती पक्का झाला होता. जुन्या फांद्यांना मुळे फुटली होती, गाळ दगडासारखा बसला होता. आपणच बांधलेले आपल्यालाच सुटेना. उदाजी पाण्याखाली जाऊन वेली कुरतडत होता, वानरे रांगेने फांद्या ओढत होती, आणि रानडुकरीण मुसंडीने बुंधे उखडत होती. उदाजीचे दात दुखून आले, तोंडात रक्त आले. शेवटी एक मोठा ओंडका कलला, आणि नदीने उरलेले काम स्वतःच केले. धो धो करत पाणी आत आले, कूड दोन भागांत उघडला.

आणि मासे हललेच नाहीत.

ते जिथे होते तिथेच उभे राहिले, तोंडे वर करून. इतकी वर्षे बंद असलेली वाट उघडली आहे, हे त्यांना खरेच वाटत नसावे. मग ती ओठ फाटलेली मादी पुढे झाली. कुडाची जागा होती तिथे तिने क्षणभर नाक लावून पाहिले. नाकाला काही लागले नाही. तिने शेपटीचा एक फटका मारला.

मुलांनो, पुढे जे झाले ते त्या रानात ज्यांनी पाहिले त्यांनी मरेपर्यंत सांगितले. वर जाण्याच्या वाटेत एक धबधबा होता, फार उंच नव्हे, पण मोठ्या बैलाच्या वशिंडापेक्षा उंच. ती मादी त्या पांढऱ्या पाण्यातून सरळ वर उसळली. सगळे अंग हवेत. उन्हाची तिरीप तेवढ्यात ढगांतून खाली आली होती, तिच्या अंगावर पडली, आणि घळीत कोणीतरी दिवा पेटवल्यासारखे झाले. ती पडली, पुन्हा उसळली, आणि वरच्या पाण्यात दिसेनाशी झाली. तिच्या मागे दुसरा. मग तिसरा. मग सगळेच, म्हातारे, झिजलेले, डोळ्यांवर पडदे आलेले, एकामागून एक सोने उसळत होते. उसळताना त्यांतला एकही म्हातारा वाटत नव्हता. वानरे फांद्यांवर गप्प बसली होती. रानडुकरिणीची पिल्लेसुद्धा धडपडायची थांबली. उदाजीला वाटले, एवढे दिवस आपण यांना पाहत होतो असे म्हणत होतो, पण खरे म्हणजे आज पाहिले.

मग डोह रिकामा झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन डोहावर उतरले आणि तळापर्यंत गेले. काहीच चमकले नाही. भिंती काळ्याच राहिल्या. उदाजी कातळावर बसून होता. त्याच्या काठावर पिल्ले मजेत लोळत होती आणि त्याच्या बिळाच्या तोंडाशी चिखल झाला होता. बगळा येऊन शेजारी उभा राहिला. "या थंडीत मी मोजू काय? पाणी?" तो म्हणाला. त्याने ते खोचक म्हणूनच म्हटले होते, पण बोलल्यावर त्याचे त्यालाच वाईट वाटले आणि तो उडून गेला.

उदाजीला राहवेना. तो काठाकाठाने वर गेला. उथळ्याच्या अलीकडेच रानडुकरिणीने त्याला अडवले. "हितूनच बगा. तुमच्या तोंडाला माशाचा वास येतूय." वानरांनी कुडाच्या जुन्या फांद्या वर आणून उथळ्याभोवती रोवल्या होत्या, रानडुकरांची चुकार पिल्ले आत जाऊ नयेत म्हणून. त्या फांद्यांच्या आडून उदाजीने पाहिले. उथळ पाण्यात सोनखवल्यांच्या पाठी वर निघाल्या होत्या. मासे जोडीने गोट्यांवर अंग घासत होते, पाणी उसळत होते, आणि स्थिर झाले की गोट्यांच्या बेचक्यांत पिवळे दाणे दिसत. इवले इवले, ज्वारीएवढे. काठावर बगळे ओळीने उभे होते, माना वळवून, डोळे घट्ट मिटून. परीक्षा देत होते बिचारे.

त्या ज्वारीएवढ्या दाण्यांत तेवढे थोरले मासे मावतात, हे उदाजीला काही केल्या पटेना. तो डोळे विस्फारून बघत राहिला. पावसाची एक सर आली आणि गेली, तरी त्याला कळले नाही.

भाद्रपद संपत आला तसे पाणी उतरू लागले. उतरत्या पाण्याबरोबर सोनखवले एकेक करून डोहात परत आले. पण सगळे नाही. काही वाटेतच थकले. एकाला, वानरांनी बोंब मारेपर्यंत, बिबट्याने उचलले. नेम मोडल्याबद्दल बिबट्या दोन दिवस मान खाली घालून हिंडला, पण मासा काही परत आला नाही. उदाजीने मोजले नाही. मोजायची त्याची छातीच झाली नाही. आजोबाचे शब्द त्याच्या कानांत वाजत होते.

थंडी पडली. पाणी काचेसारखे झाले. मोजणीचा दिवस आला आणि रानातली सगळी जनावरे काठावर जमली. बगळा एका पायावर उभा राहिला. ऊन उतरले, सोनखवले वर आले, फेरी झाली. बगळ्याने मान वर केली, पण तो ओरडला नाही.

"कमी," तो हळू म्हणाला. "गेल्या सालापेक्षा बरेच कमी."

उदाजीने मान खाली घातली आणि पाण्यात शिरला. त्याला कोणाला तोंड दाखवायचे नव्हते, जिवंतांना नाही आणि आजोबालाही नाही. काठालगतच्या उथळ पाण्यात, मुळ्यांच्या जाळ्यापाशी तो नाक बुडवून पडून राहिला.

त्याच्या मिशांना काहीतरी लागले.

मग पुन्हा लागले. गुदगुल्या झाल्या. उदाजीने डोळे उघडले. त्याच्या मिशीच्या एका केसाला एक मासा टोचून बघत होता. करंगळीच्या पेराएवढा. अंगावर खवले असे म्हणण्यासारखे काही नव्हते, नुसती एक पिवळी झाक होती. त्याच्या मागे दुसरा होता. त्याच्या मागे मुळ्यांच्या जाळ्यातून एक ढगच्या ढग बाहेर आला, वळला, पांगला, पुन्हा एक झाला. उदाजीच्या तोंडासमोरून, पायांमधून, पोटाखालून ते जात राहिले. चुकून एखादा तोंडात जाईल म्हणून त्याने जबडा गच्च मिटून घेतला. श्वास संपत आला तरी तो हलला नाही. हलला असता तर ते घाबरले असते.

वर बगळा वाकून वाकून बघत होता. त्याने एका पायावरून दुसऱ्या पायावर अंग टाकले, मान डावीकडे वाकडी केली, मग उजवीकडे. चोच उघडली, मिटली.

"अवो, बोला की!" रानडुकरीण ओरडली. "किती हायेत?"

"मला..." बगळा म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "मला मोजता येत नाहीत!"

त्या दिवशी झाडे इतकी हलली की उंबराला एक पान उरले नाही.

पुढच्या श्रावणात नदी फुगली, तेव्हा उदाजी जुन्या कुडाच्या जागी एका कातळावर जाऊन बसला. जुन्या सवयीने त्याने मिशाही साफ केल्या. सोनखवले आले आणि न थांबता, न बघता, त्याच्या समोरून सरळ वर निघून गेले. एकानेही त्याच्याकडे मान वळवली नाही. उदाजी पार शेपटीपर्यंत भिजला होता, कातळाने त्याची पाठ दुखत होती, आणि इतका आनंद त्याला जन्मात कधी झाला नव्हता.

तात्पर्य : ज्याला जपायचे, त्याचे काही कमी तर झाले नाही ना, एवढेच मोजून समाधान मानू नये. त्याची पोरेबाळे कुठे आहेत तेही पाहावे, आणि त्यांची वाट आपणच अडवली असेल, तर आधी ती मोकळी करावी.